चारही चाकं सारखी

सिग्नल हिरवा झाला, त्याने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी जागची हलली नाही. म्हणजे हलली, पण लगेच नाही. पाय उचलला की ही गाडी आपोआप पुढे सरकायला हवी, उतारावर पाणी सरकावं तशी. ती आधी थांबून राहिली. अर्धा श्वास, फार तर पाऊण. मग खाली डाव्या बाजूला कुठेतरी, कुणी आवळलेली मूठ सैल करावी तसं काहीतरी सुटलं आणि गाडी निघाली. मागच्याने हॉर्न वाजवायच्या आत निघाली, त्यामुळे बाहेरच्या जगात काहीच घडलं नाही. शेजारी बसलेला, कंपनीच्या विक्री खात्यातला टायवाला फोनमध्ये डोकं घालून होता, त्याला तर पत्ताच नव्हता. याच्या मात्र ते लगेच ध्यानात आलं. एकतीस वर्षं गाड्या तपासण्यात घालवलेल्या माणसाला अर्धा श्वास म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे.

पुढच्या सिग्नलला त्याने मुद्दाम लक्ष देऊन पाय उचलला. काही झालं नाही, गाडी शहाण्या लेकरासारखी सुटली. त्याच्या पुढच्याला ब्रेकने पुन्हा धरलं, आणि या वेळी जरा जास्त वेळ. वाहनांची रांग पुलाच्या तोंडापासून पार मागच्या चौकापर्यंत तुंबलेली होती. दोन हात पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा दोन हात. स्पोर्ट्स कार कसली, रांगणारं बाळ बरं. गाडी इतकी बुटकी की शेजारच्या बसचं चाक त्याच्या कानाशी आलेलं, आणि बसमधली माणसं वरून त्याच्याकडे वाकून वाकून बघत होती. आधी गाडीकडे बघत, मग आत कोण राजपुत्र बसलाय म्हणून बघत, आणि आत पिकल्या केसांचा, कंपनीचा निळा डगला घातलेला माणूस दिसला की त्यांची तोंडं पडत. एरवी त्याला याचं हसू आलं असतं. आज त्याला वाटलं, आपल्याला या पांढऱ्या डब्यात घालून वरून झाकण लावलंय आणि माणसं काचेतून बघतायत की हा अजून हलतोय का.

काच उघडावी म्हणून त्याने बटण दाबलं. काच तीन बोटं खाली आली आणि अडकली. हेही माहीतच होतं. या गाडीच्या पहिल्या खेपेला अशी दुखणी पुष्कळ होती. कुणाची काच अडके, कुणाच्या दाराच्या आत खडखड वाजे, एका गाडीचं डिकीचं झाकण धुताना पाणी आत घेई. कारखान्यात याला सगळे नवलाईची दुखणी म्हणत. नवी गाडी, नवे साचे, नवी माणसं, होणारच, असं म्हणून यादी करायची आणि एकेक निस्तरायची. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. काच ही काच असते. न उघडलेल्या काचेने आजवर कुणी मेलेलं नाही. पण ब्रेक धरून राहिला तर चाक तापतं, चाक तापलं की आतलं तेल उकळतं, आणि तेल उकळलं की पुढच्या वेळी पाय दाबावा तर तो नुसता खाली जातो, उशीत रुतावा तसा. सपाट रस्त्यावर एखाद्या वेळी निभावेल. घाट उतरताना निभायचं नाही.

आणि ही गाडी उद्या घाट उतरणार होती. ती विकत घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, अगदी हौसेने. दोन वर्षं वाट बघून ही गाडी मिळत होती, वडील ऐंशी पूर्ण करत होते, त्यांना शेजारी बसवून डोंगरापलीकडे त्यांच्या लहानपणच्या गावी न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. किल्ली कोण देणार, असंही विचारलं होतं. कंपनीचा रिवाज असा की या मॉडेलच्या पहिल्या शंभर गाड्यांच्या बॉनेटखाली एक लहानशी धातूची पट्टी बसवायची, तिच्यावर गाडी तपासणाऱ्याची सही कोरायची, आणि गिऱ्हाइकाच्या दारी किल्ली त्यानेच न्यायची. आतापर्यंत तेवीस गाड्या झाल्या आणि तेवीसही पट्ट्यांवर त्याची सही होती. पहिली पट्टी बसवली त्या दिवशी तो बायकोला मुद्दाम कारखान्यात घेऊन आला होता. ती वाकून बघत म्हणाली होती, अहो, शेवटचं अक्षर जरा बरं काढायचंत की. पण बोलताना ती पदराच्या टोकाने पट्टी पुसत होती.

कारखान्यात त्याला ‘उलटा हात’ म्हणत. मागे नाही, तोंडावर. गाडी कारखान्याच्या मैदानातल्या रस्त्यावर आठ फेऱ्या पळून आली की तो एकेका चाकाशी उकिडवा बसे, काड्यांमधून हात आत घाली आणि पंजाची पाठ आतल्या ब्रेकच्या तबकडीपाशी नेई. टेकवायची नाही, बोटभर अलीकडे थांबायचं. चारही चाकांची धग सारखी असेल तर गाडी निरोगी. एखादं चाक जास्त तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक धरतोय. तळहाताने हे कळत नाही, तळहात कामाने राठ झालेला असतो, त्याला काही सांगितलं तरी तो ऐकत नाही. हे त्याला आईने शिकवलं होतं. त्यांच्या घरात थर्मामीटर होता, पण आई तो कपाटातच ठेवी. पोरांच्या कपाळाला ती उलटा हात लावी, डोळे मिटून क्षणभर ऐकल्यासारखी थांबे आणि ताप किती ते सांगे. मागून कुणी थर्मामीटर लावून बघितला तर तेवढाच निघे.

बसने धूर सोडला, तो अडकलेल्या काचेच्या फटीतून आत आला, आणि त्या धुरात आणखी एक वास होता. जळक्या केसांसारखा, तिखट. त्याने फट बंद करायला बटण दाबलं, काच जागची हलली नाही. टायवाल्याने नाक मुरडलं आणि म्हणाला, काय ही बस. बसचा नव्हता तो. त्याने टायवाल्याला सांगितलं, साहेबांना फोन लाव आणि स्पीकरवर ठेव. साहेब म्हणजे कारखान्याचा मुख्य, वयाने याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, गोड बोलणारा. याने सांगितलं की डावं पुढचं चाक धरतंय, गाडी परत आणतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, काल तुम्हीच तपासली ना? तपासली. चाकं कशी होती? चारही सारखी. मग एका रात्रीत काय झालं?

“ब्रेक नवे आहेत हो, रुळतील,” साहेब म्हणाले. “तुम्हीच लिहिता ना तसं?”

हे खरं होतं, आणि साहेबांनी ते वाईट हेतूने म्हटलंही नव्हतं. गेल्या महिन्यात तीन पत्रं आली होती. सात नंबरच्या गाडीवाल्याने लिहिलं होतं की गाडी सुटताना मागून कुणीतरी शर्ट धरल्यासारखं वाटतं. अकरा नंबरवाल्याला वास येत होता. सोळा नंबरवालीचं म्हणणं होतं की एक चाक नेहमी बाकीच्यांपेक्षा काळं होतं, पुसलं तरी. अशी पत्रं त्याच्याच टेबलावर येत, कारण सही त्याची. त्याने तिघांनाही एकच उत्तर पाठवलं होतं: नव्या ब्रेकला रुळायला थोडा वेळ लागतो, पाचशे किलोमीटर निर्धास्त चालवा. निर्धास्त हा शब्द त्याने स्वतः घातला होता. छापील नमुन्यात तो नव्हता. लिहिताना त्याला वाटलं होतं, माणसाला जरा धीर द्यावा. आता तो शब्द पायातल्या काट्यासारखा त्याला बोचू लागला, आणि काढायला वाकावं तर गाडीत वाकायलाही जागा नव्हती. पट्टा छातीवर, गुडघे स्टिअरिंगला लागलेले, डावीकडे पुलाचा कठडा, उजवीकडे बस.

त्याने पत्रं खोटी मानली होती असं नाही. पण त्याच्या हाताने सांगितलेलं त्याला जास्त खरं वाटलं होतं. एकतीस वर्षांत दहातली एक गाडी तरी परत पाठवावी लागे, आणि या नव्या मॉडेलमध्ये तेवीसपैकी एकही नाही. एकसुद्धा नाही! चारही चाकं सारखी, गार, शहाणी. त्याने घरी सांगितलं होतं, इतक्या गाड्यांना हात लावले, पण अशी गाडी बघितली नाही. बायको म्हणाली होती, मग तुमचं कामच काय उरलं? थट्टेने म्हणाली होती. त्याने तेही हसण्यावारी नेलं होतं. पायाखालच्या पेडलला आता हलकी थरथर येत होती आणि त्याचा घोटा ती मोजत होता.

पूल संपला, रांग फुटली. टायवाला म्हणाला, काका, गाडीला पुलाची धूळ बसली, अशी कशी न्यायची, पुढच्या वळणावर धुण्याचं ठिकाण आहे, मी सांगून ठेवलंय. याने गाडी आत घेतली आणि खाली उतरला. उतरला म्हणजे जमिनीवरून उठावं तसा उठला. धुणाऱ्याने पाण्याचा नळा सोडला. टपावरून पाणी ओघळलं, दारावरून ओघळलं, मग त्याने नळा पुढच्या डाव्या चाकावर धरला आणि चाकातून फस्सकन वाफ निघाली. पांढरी, दाट. धुणारा दचकून मागे सरला आणि हसला. बाकीच्या तिन्ही चाकांवर त्याने पाणी मारलं, तिथे नुसतं पाणी ओघळलं. तो पुन्हा डाव्या चाकाकडे आला, मिनिटभर नळा धरून उभा राहिला, आणि वाफ संपली.

याने उकिडवं बसून काड्यांमधून हात आत घातला. उलटा हात, बोटभर अलीकडे. डावं पुढचं गार. उजवं पुढचं गार. मागची दोन्ही गार. चारही चाकं सारखी.

तो तसाच बसून राहिला. निळ्या डगल्याची बाही भिजत होती आणि त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचंच लहानपणचं कपाळ आलं. नऊ वर्षांचा असेल. शाळेची सहल धरणावर जाणार होती आणि सकाळी उठला तो अंग फणफणलेलं. आई उठायच्या आत तो मोरीत गेला, बादलीत डोकं बुडवून बसला, दात वाजेपर्यंत, मग केस पुसून आईपुढे जाऊन उभा राहिला. आईने उलटा हात लावला, डोळे मिटले, ऐकलं, आणि म्हणाली, जा. दुपारी मास्तरांनी त्याला खांद्यावर टाकून आणलं. ताप डोक्यात जायचा राहिला, इतकंच. आईने मारलं नाही, रागावलीही नाही. चार दिवस उशाशी बसून होती आणि एकदाच म्हणाली, माझा हात फसला. त्याला मार परवडला असता. त्यानंतर ती कुठल्याही पोराचा ताप बघताना आधी त्याला स्वतःसमोर कोरडं बसवून ठेवी, चांगली पंधरा मिनिटं, पाणी नाही, वारा नाही, आणि मगच हात लावी.

कारखान्यात पूर्वी गाडी पळून आली की आधी तपासत आणि मग धूत. ब्रेकची काळी भुकटी त्याच्या हाताला लागे, तो हात नकळत दारावर टेके, आणि पांढऱ्या रंगावर डाग पडत. दोन गाड्या पुन्हा घासाव्या लागल्या तेव्हा त्यानेच सुचवलं होतं की आधी धुऊन घ्या, मग मी तपासतो. साधी गोष्ट. आजवर कुणाला सुचली कशी नाही म्हणून सगळे चकित झाले. साहेबांनी ती वर कळवली, वरून शाबासकी आली, आणि ती आली ती साहेबांच्या नावावर. अजूनही तपासणीच्या खोलीत भिंतीवर चौकटीत लावलेली होती: पद्धतीत उत्कृष्ट सुधारणा, आणि खाली साहेबांचं नाव. अकरा महिने त्याने ती चौकट बघत काम केलं होतं आणि अकरा महिने बायकोला ऐकवलं होतं. जेवताना, दिवा घालवताना, तिच्या माहेरच्या माणसांपुढेसुद्धा. ती कल्पना माझी होती. बायको वैतागून म्हणे, विषय संपला म्हणता आणि सोडत मात्र नाही, तापता तुम्ही, पोळते मी. आणि रोज सकाळी तो त्या चौकटीखाली उकिडवा बसून, नुकत्याच धुतलेल्या चाकांना हात लावून, आपल्या हातावर खूश होत आला होता.

“काका, बरं वाटत नाही का?” टायवाल्याने विचारलं. पोरगा वाईट नव्हता.

बरं आहे म्हणून तो गाडीत बसला. डॉक्टरीणबाईंचं घर तिथून दोन वळणांवर होतं, आणि तेवढ्या अंतरात गाडीने एकदाही कुठे धरलं नाही. लख्ख धुतलेली, वास नाही, थरथर नाही. त्याच्या मनाने तेवढ्यात सगळा हिशेब करून टाकला. किल्ली द्यावी, परत जावं, उद्यापासून काहीतरी निमित्त काढून धुणं तपासणीच्या मागे न्यावं, गुपचूप. आधीच्या गाड्या एकेक करून दुरुस्तीला बोलवाव्यात, काचेचं कारण सांगून. ही गाडीही बोलवावी, परवा. उद्याचा एकच तर दिवस. त्याला स्वतःची किळस आली, आणि किळस आली तरी मन थांबलं नाही. ते पुढे सरकतच राहिलं, आपोआप.

बाई फाटकात उभ्या होत्या, पंचेचाळीसच्या, केस घाईने बांधलेले, बाहीवर दवाखान्यातली पांढरी भुकटी. वडील पायरीवर खुर्चीत, अंगावर ठेवणीतला कोट, उद्याचा आजच घातलेला. त्यांनी गाडीला हात लावायची परवानगी मागितली, याच्याकडे. बाईंनी बॉनेट उघडायला लावून पट्टी बघितली, सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ही तुमची ना, म्हणजे मी निर्धास्त. टायवाला फोटोसाठी मागे सरकला. याने किल्ली पुढे केली, बाईंनी ती धरली आणि ओढली. किल्ली आली नाही. त्यांनी हसून पुन्हा ओढली. त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. ती आवळलेली होती, पांढरी पडलेली.

“काका, सोडा की,” टायवाला म्हणाला.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “आधी माझ्याबरोबर एक चक्कर मारा. गर्दीतून. आल्यावर पंधरा मिनिटं गाडीला कुणी पाणी लावायचं नाही.”

बाईंनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. माणसांच्या तोंडाकडे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मग त्या शेजारी जाऊन बसल्या. तो त्यांना बाजाराच्या रस्त्याने घेऊन गेला, दोन हात पुढे, थांब, दोन हात पुढे. तिसऱ्या थांब्याला गाडीने धरलं आणि बाईंचं डोकं किंचित पुढे झुकलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान हलवली आणि गाडी परत वळवली. परत आल्यावर त्याने गाडी सावलीत उभी केली आणि घड्याळ बघत बसला. वडिलांना पंधरा मिनिटं कशासाठी ते कळेना, त्यांनी दोनदा विचारलं, निघायचं का? पंधरा मिनिटं झाल्यावर त्याने बाईंना उलटा हात कसा न्यायचा ते दाखवलं, बोटभर अलीकडे. बाई उकिडव्या बसल्या. उजव्या चाकाला काही वाटलं नाही. डाव्या चाकात हात घालताच त्यांनी तो झटकन मागे ओढला आणि तोंडाशी नेला.

वडील खुर्चीत होते तसेच होते, कोटाची बटणं लावलेली. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, आणि बाकीच्या?

बाकीच्या बावीस. त्याने टायवाल्याला सांगितलं, आपण आधी धुतो आणि मग तपासतो, म्हणून चाकं गार लागली, यादी काढ, एकेकाला फोन लाव, गाडी जिथे असेल तिथे उभी करायला सांग, सात नंबरपासून सुरू कर. टायवाल्याचा चेहरा उतरला. त्याने याला बाजूला घेतलं आणि घाईघाईने, खरोखरच्या काळजीने समजावलं की काका, साहेब पहिला प्रश्न विचारतील, धुणं आधी कुणी आणलं. भिंतीवर त्यांचंच नाव आहे, लेखी. तुमचं कुठेच नाही. तुम्ही फक्त सांगितलेलं काम केलंत. तुम्ही कशाला मध्ये पडता, नुसते गप्प बसा, आपोआप होईल सगळं.

टायवाला सात नंबरला फोन लावत होता. पलीकडे घंटी वाजत होती, ती इथे ऐकू येत होती. एक, दोन, तीन, चार. मग कुणीतरी उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय? टायवाल्याने त्याच्याकडे बघितलं. त्याने हात पुढे करून फोन घेतला. आपलं नाव सांगितलं, गाडी कुठे आहे ते विचारलं, ती दारात उभी आहे असं कळल्यावर भिंतीला पाठ टेकली. गाडी हलवू नका, ब्रेक धरतायत, रुळणार नाहीत, मी लिहिलं ते चूक होतं, आम्ही चाकं गार करून तपासत होतो, असं सगळं एका दमात सांगितलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, ही अक्कल कुणाची? अकरा महिने त्याच्या तोंडात असलेलं वाक्य तयारच होतं.

“ती कल्पना माझी होती,” तो म्हणाला.